हाय टिबियल ऑस्टिओटॉमी

गुडघ्याच्या झिजेवरील एक अस्थिशस्त्रक्रिया. नडगीचे हाड गुडघ्याच्या किंचित खाली कापून त्याची दिशा बदलतात आणि झिजलेल्या बाजूवरचा भार सांध्याच्या शाबूत बाजूकडे वळवतात. रुग्णाचा मूळ सांधा कायम राहतो, हे कृत्रिम सांधारोपणाहून हिचे मुख्य वेगळेपण.

खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या रेषेला मिक्युलिच रेषा म्हणतात. सरळ पायात ती गुडघ्याच्या मध्यातून किंवा किंचित आतून जाते. चालताना निरोगी गुडघ्याच्याही आतल्या कप्प्यावर अधिक, साधारणतः ६० ते ७० टक्के भार येतो. पाय धनुष्यासारखा बाहेर वाकला की रेषा आणखी आत सरकते. तेथील कूर्चा झिजते, झिजेने वाक वाढतो आणि वाकाने पुन्हा झीज. हे चक्र थांबवणे हा शस्त्रक्रियेचा हेतू होय.

इतिहास : आद्यत्वाबाबत एकमत नाही. हाड कापून अवयव सरळ करण्याची कल्पना निदान एकोणिसाव्या शतकाइतकी जुनी आहे. फिलाडेल्फियाचे बार्टन यांनी १८२६ मध्ये जखडलेल्या खुब्यासाठी मांडीचे हाड कापले. ग्लासगोचे विल्यम मॅकइवन यांनी वाकड्या पायांवर जंतुनाशक पद्धतीने अशा शस्त्रक्रिया केल्या व १८८० मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. जर्मनीच्या फोल्कमान यांचे नावही १८७५ च्या सुमारास येते. मात्र या परंपरेचा रोख व्यंग दुरुस्त करण्यावर होता. झिजेच्या वेदनेवरचा नेमका उपाय म्हणून नडगी कापणे ही विसाव्या शतकातील गोष्ट आहे. फ्रान्समध्ये देबेर यांनी ती १९५१ पासून केल्याचे सांगतात, परंतु त्यांचा मोठा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये जॅक्सन यांनी १९५८ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६१ मध्ये वॉ यांच्यासह सविस्तर लिहिली. त्यांचा छेद नडगीच्या पुढच्या उंचवट्याखाली (गुडघ्याच्या वाटीचा कंडरा जेथे जोडलेला असतो त्याच्या खाली) होता. माँट्रियलचे गारिएपी (१९६४) आणि मेयो क्लिनिकचे मार्क कॉव्हेंट्री (१९६५) यांनी तो उंचवट्याच्या वर नेला. तेथील हाड जाळीदार असल्याने लवकर जुळते, शिवाय छेद वाकाच्या जवळ राहतो. अमेरिकी पाठ्यपुस्तके कॉव्हेंट्री यांना अग्रमान देतात. झिजेवरील उपचाराचा विचार प्रथम मांडण्याचे श्रेय जॅक्सन यांना आणि छेदाची आजची जागा रुळवण्याचे कॉव्हेंट्री यांना देणे अधिक योग्य वाटते.

भाररेषेचे लक्ष्य : भाररेषा, म्हणजे वरची मिक्युलिच रेषा, कोठे न्यावी यावर यश बरेच अवलंबून असते. फुजिसावा व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दुर्बिणीने गुडघे तपासून, रेषा सांध्याच्या मध्यापासून बाहेरच्या कडेपर्यंतच्या अंतराच्या ३० ते ४० टक्क्यांवर असावी, असे सुचवले. संपूर्ण रुंदी आतल्या कडेपासून मोजली तर हे स्थान ६५ ते ७० टक्क्यांवर येते. प्रत्यक्षात ‘फुजिसावा बिंदू’ म्हणून ६२ किंवा ६२.५ टक्के हा आकडा रूढ आहे. तो नंतरच्या आखणीतून आलेला दिसतो. अलीकडे बरेच शल्यचिकित्सक झिजेच्या प्रमाणानुसार याहून कमी सुधारणा पसंत करतात. ‘एक मिलिमीटरला एक अंश’, म्हणजे फट जितके मिलिमीटर तितके अंश सुधारणा, हा सोपा हिशेबही जपून वापरावा. तो सुमारे ५७ मिलिमीटर रुंदीच्या हाडालाच लागू पडतो. त्याहून रुंद हाडात सुधारणा अपुरी राहते. वाक मांडीच्या हाडात असूनही नडगीच कापली तर सांध्याची पातळी तिरकी होते. म्हणून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभ्याने काढलेला एक्स-रे आवश्यक ठरतो.

पद्धती : बंद पद्धतीत बाहेरून पाचरीएवढे हाड काढून फट मिटवतात, बहुधा शेजारचे बारीक हाडही कापावे लागते. उघड्या पद्धतीत आतून छेद घेऊन फट उघडतात व विरुद्ध, म्हणजे बाहेरच्या, बाजूचा हाडाचा पातळ पट्टा बिजागरीसारखा शाबूत ठेवतात. तो तुटल्यास स्थैर्य जाते. उघड्या पद्धतीत नडगीचा मागे झुकणारा उतार नकळत वाढू शकतो, त्यामुळे पुढची फट मागच्या फटीच्या साधारण निम्मी ठेवतात. प्लॅस्टर व स्टेपलच्या जागी २००० नंतर लॉकिंग प्लेट (जिच्यात स्क्रू घट्ट अडकतात अशी धातूची पट्टी) रूढ झाल्यावर उघडी पद्धत मागे राहिली नाही. माके यांचा घुमटाकार छेद आणि इलिझारोव्ह कड्यांनी (पायाभोवती बसवून तारांनी हाडाला जोडलेल्या) हळूहळू केलेली सुधारणा हे अन्य पर्याय. पायाच्या बाहेरील मज्जातंतूला इजा, जंतुसंसर्ग, शिरेत रक्ताची गुठळी व हाड न जुळणे हे धोके असतात.

रुग्णनिवड : झीज एकाच कप्प्यात, अस्थिबंधन मजबूत, गुडघा ९० अंशांहून अधिक वाकणारा आणि वय सहसा साठीच्या आत असावे. संधिवाताभ संधिशोथाने, म्हणजे रूमेटॉइड आजाराने सर्व सांधा ग्रस्त असल्यास ही शस्त्रक्रिया करत नाहीत. धूम्रपानाने हाड जुळण्यास विलंब होतो. मांडी घालून बसणे शक्य राहणे हा भारतीय रुग्णांना महत्त्वाचा लाभ आहे. वडोदऱ्यातील मराठी घरांत तो सहज समजतो : देवघरासमोरची पूजा, पंगत आणि १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या काळात मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेपासून चालत आलेली तबला-तंबोऱ्याची बैठक ही सारी जमिनीवरची आहे. सांधारोपणानंतर अशा बैठकीवर सहसा मर्यादा येतात.

वडोदऱ्यात : वैद्यकीय महाविद्यालय १९४९ चे असून सयाजीराव जनरल रुग्णालय त्याला जोडलेले आहे. दांडिया बाजार भागात प्रा. माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराची हाडे बसवण्याची परंपराही आदराने सांगतात. निखळलेले वा मोडलेले हाड जागी आणणे हा त्या विद्येचा प्रांत. न मोडलेल्या हाडाची रेषा बदलणे हे शस्त्रक्रियेचेच काम आहे.

संबंधित शस्त्रक्रिया : चीनच्या हेबेई प्रांतातील झांग यिंगझे यांनी पुढे आणलेल्या पद्धतीत केवळ नडगीशेजारच्या बारीक हाडाचा तुकडा वरच्या भागातून काढतात. ती सोपी व स्वस्त असल्याने भारतातही पसरली, परंतु तिचा पुरावा अद्याप नडगीच्या शस्त्रक्रियेइतका भक्कम नाही.