गाणाऱ्या नटाचा गळा आणि कच्चं अंडं

दिवाळीनंतर पूर्व विदर्भात वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. पडद्यामागे ऐकू येतं, पदाआधी कच्चं अंडं गिळलं की स्वरतंतूंना वंगण मिळतं. तसं होत नाही. गिळताना स्वरयंत्र वर सरकतं, झाकलं जातं आणि घास मागच्या अन्ननलिकेत उतरतो. स्वरतंतू असतात श्वासाच्या वाटेवर. कंठमण्यावर बोट ठेवून घोट घ्या, तो वर उचललेला कळेल. गिळतागिळता गुणगुणून पाहा, जमणार नाही. चुकून थेंब तिकडे गेलाच तर ठसका लागतो! घसा ओला होऊन बरं वाटतं हे खरं, म्हणूनच हा समज टिकला असावा. पण कच्च्या अंड्यानं पोट बिघडू शकतं, आणि पहाटेपर्यंत गाणाऱ्याला ते परवडत नाही. त्यापेक्षा दिवसभर पाणी प्यावं, वाफ घ्यावी. वाफ स्वरतंतूंपर्यंत पोचते.