काचेमागचा डोंगर: शू बिंग यांची 'बॅकग्राउंड स्टोरी' आली कुठून

समोरून पाहिलं तर शाईतलं जुनं चिनी निसर्गचित्र. धुक्यात विरत गेलेले डोंगर, कड्यावर वाकलेलं झाड, खाली पाणी. चित्राच्या मागे जायला वाट ठेवलेली असते. तिथे गेलं की दिसतात वाळक्या काटक्या, तागाचे धागे, चुरगळलेले कागद, मक्याच्या कणसांची सालं, प्लास्टिकच्या पिशव्या आणि हा सगळा संसार जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चिकटपट्ट्या. मध्ये दुधी काच, दिवे लावलेले. कुंचल्याचा एक फटकाराही नाही.

चिनी कलावंत शू बिंग २००४ पासून 'बॅकग्राउंड स्टोरी' ही मांडणशिल्पांची मालिका करत आले आहेत. तिच्याकडे बहुतेक जण दृष्टिभ्रमाचा खेळ म्हणून पाहतात. मला ती एका मुद्राचित्रकाराची, म्हणजे ठोकळा कोरून त्यावरून चित्रं छापणाऱ्याची करामत वाटते, आणि त्यासाठी जरा मागे जायला हवं.

शू बिंग यांचा जन्म १९५५ मध्ये चोंगचिंगचा, बालपण बीजिंगमधलं. वडील पेकिंग विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक, आई त्याच विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र विभागात. वाचता येण्याआधीपासून पुस्तकांचा गराडा, आणि वाचता येऊ लागलं तेव्हा लिपीच बदलत होती. अक्षरं सोपी करण्याची सरकारी मोहीम १९५६ मध्ये सुरू झाली होती. काल गिरवलेलं आज विसरायचं आणि नवं रूप शिकायचं, असा तो काळ. १९७७ मध्ये सोप्या अक्षरांचा आणखी एक मसुदा आला आणि १९८६ मध्ये तो चक्क मागेही घेतला गेला. ज्याचं शिक्षण अशा लिपीत झालं, त्याचा अक्षरांवर डोळे झाकून विश्वास बसेल कसा?

माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांना खेड्यात पाठवलं गेलं. तिथे शेतकामाबरोबर ते गावच्या सायक्लोस्टाइल नियतकालिकाची अक्षरं आणि मांडणी करत. १९७७ मध्ये बीजिंगच्या सेंट्रल अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्समध्ये मुद्राचित्रण विभागात प्रवेश मिळाला. सुरुवातीची लाकडी ठशांची चित्रं छोटी आणि खेड्यातल्या जगण्याची आहेत. देखणी आहेत, पण पुढचा शू बिंग त्यांत अजून सापडत नाही.

तो सापडतो १९८७ च्या आसपासच्या पुनरावृत्तींच्या मालिकेत. मुद्राचित्रकार ठोकळा पूर्ण कोरतो आणि मग छापतो. हे त्यांनी मोडलं. न कोरलेल्या ठोकळ्याची छाप आधी घेतली, ती नुसती काळी. मग थोडं कोरायचं, छापायचं. पुन्हा कोरायचं, पुन्हा छापायचं. हळूहळू काळ्यातून चित्र वर येतं, आणि कोरणं थांबतच नाही म्हणून शेवटी तेही झिजून कागद पांढरा उरतो. हे सगळे टप्पे एका लांब पट्टीवर ओळीनं दिसतात. चित्र दाखवायचं आणि ते कसं घडतं तेही त्याच दमात दाखवायचं, ही सवय इथे लागली.

त्याच सुमारास 'बुक फ्रॉम द स्काय' सुरू झालं. शू बिंग यांनी सुमारे ४,००० अक्षरं स्वतः रचली आणि लाकडात उलटी कोरली. चिनी अक्षरांचे खरेखुरे घटक घ्यायचे, पण जोडणी अशी करायची की कुठल्याही कोशात नसलेलं, अर्थ नसलेलं अक्षर तयार व्हावं. वळण निवडलं सुंग घराण्याच्या नावानं ओळखलं जाणारं छापील वळण, ज्यात लिहिणाऱ्याचा हात कुठेच जाणवत नाही. पुढे तर थट्टा आणखी गंभीर होते. चार खंड, निळी कव्हरं, दोऱ्याची शिलाई; अनुक्रमणिका आहे, समासाच्या चौकटी आहेत, बारीक टाइपातल्या टीपा आहेत. फक्त वाचता येईल असं काही नाही. ऑक्टोबर १९८८ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलादालनात ते पहिल्यांदा मांडलं गेलं: जमिनीवर उघडी पुस्तकं, छतापासून झोळीसारख्या सोडलेल्या छापील पट्ट्या. वाचायला आलेला शिकलेला माणूस आणि निरक्षर माणूस तिथे एकाच पातळीवर येत होते. पानाचं रूप ओळखीचं दिसलं की डोळा आत अर्थ आहे असं धरूनच चालतो, हे त्यांनी नेमकं पकडलं होतं.

१९८९ मध्ये तिआनआनमेन चौकातलं आंदोलन चिरडलं गेलं आणि हवा फिरली. या कामावर टीका करताना 'भिंतीवर धडका मारणारी भुतं' अशा अर्थाचा चिनी वाक्प्रचार वापरला गेला. शू बिंग यांनी १९९० मध्ये विद्यार्थी आणि गावकऱ्यांना घेऊन जिनशानलिंग इथे चीनच्या भिंतीचे कागदावर ठसे घेतले होते, शिलालेखांचे घेतात तसे. त्या कामाला त्यांनी हेच नाव देऊन टाकलं. त्याच वर्षी ते अमेरिकेत गेले. तिथे १९९४ पासून इंग्रजी शब्द चिनी अक्षराच्या चौकोनात बसवणारी लिपी आली. ती पाहून चिनी वाचकाला वाचता येत नाही, आणि इंग्रजी वाचणारा मात्र आपल्याला चिनी येतंय की काय म्हणून चक्रावतो.

मग २००४, बर्लिन. तिथल्या पूर्व आशियाई कलेच्या संग्रहालयाचा बहुतेक संग्रह दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सोव्हिएत सैन्यानं नेला होता. उरले होते ते फोटो. याआधी एका विमानतळावर दुधी काचेमागे ठेवलेली कुंडी शू बिंग यांनी पाहिली होती, आणि ती हुबेहूब शाईच्या चित्रासारखी वाटली होती. हरवलेल्या चित्रांचे फोटो आणि ही काच, दोन्ही एकत्र आले. तंत्र साधंच: वस्तू काचेला टेकली की कडा धारदार उमटते, थोडी मागे सरकली की ओल्या शाईसारखी पसरते. टेकेल तेवढंच स्पष्ट उमटणार, हा ठसेकामाचा पहिला धडा. पालथा ठोकळा आणि सुलटी छाप यांच्या जागी इथे काचेच्या दोन बाजू आल्या, एवढंच.

त्यानंतर ही मालिका ठिकठिकाणी नव्यानं उभी राहत गेली. २०११ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये सातवी 'बॅकग्राउंड स्टोरी' झाली. ती तिथल्याच संग्रहातल्या जुने चिनी चित्रकार वांग शिमिन यांच्या १६५४ च्या निसर्गचित्रावरून केली होती. दरम्यान २००८ मध्ये शू बिंग जुन्या अकॅडमीत उपाध्यक्ष म्हणून परतले होते.

माझ्या मते बर्लिनचीच मांडणी सगळ्यांत कसदार. तिथे मूळ चित्रं संग्रहालयातून गेलेलीच होती, त्यामुळे सावल्यांना कारण होतं. पुढे मूळ चित्र हाताशी असताना केलेल्या काही मांडण्यांत कसब पुष्कळ दिसतं, पण मागे जाऊन कचरा पाहिला की गंमत तिथेच संपते. पुनरावृत्तींच्या पट्टीत मात्र लपवलेलं काहीच नाही, तरी ती पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते.