जन्मसाल सांगा, क्लब सांगतो

ठाण्यातल्या एखाद्या फुटबॉलवेड्याचं जन्मसाल कळलं, तर त्याचा क्लब कोणता असेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. जन्मसालात आधी आठ मिळवा, मग बारा. या दोन आकड्यांमधल्या वर्षांत इंग्लंडची प्रीमियर लीग कोण जिंकत होतं ते पाहा. १९९३ साली जन्मलेल्याची ही वर्षं येतात २००१ ते २००५. त्या काळात मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल दोन-दोनदा, तर चेल्सी एकदा विजेते झाले. आज तिशी ओलांडलेल्यांच्या अंगावर लाल आणि निळ्या जर्सी का दिसतात, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. त्या वयाचा कुणी लिव्हरपूलवाला भेटला, तर २००५ ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल त्याच्या बोलण्यात येतेच. मध्यंतराला ०-३ ने मागे असलेल्या लिव्हरपूलने ती पेनल्टी शूटआउटवर जिंकली होती. २०१० साली जन्मलेल्या मुलाची वर्षं २०१८ ते २०२२. त्या पाचपैकी चार विजेतेपदं मँचेस्टर सिटीची, त्यामुळे आता सोसायट्यांच्या आवारात आकाशी रंग वाढलेला दिसतो.

या हिशेबामागे खरा अभ्यास आहे, फक्त तो बेसबॉलवरचा आहे. सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या अमेरिकन डेटा-शास्त्रज्ञाने कोणत्या वयाचे लोक कोणत्या संघाला फेसबुकवर 'लाइक' करतात, याची छाननी करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. न्यूयॉर्क मेट्स हा संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथलं अजिंक्यपद, जिंकला १९६९ आणि १९८६ साली. पुरुषांमध्ये त्याचे चाहते सर्वांत जास्त निघाले ते १९६१ आणि १९७८ च्या आसपास जन्मलेले. दोन्ही वेळी वय आठ. बायकांमध्ये हा नमुना इतका ठळक दिसला नाही.

खेळाडूंच्या बाबतीत मात्र घड्याळ उशिराचं आहे. यान्सेन, रुबिन आणि कॉनवे या स्मृती-अभ्यासकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना आजवरचे सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडायला सांगितले. निवडलेल्या खेळाडूंची कारकीर्द ऐन मध्यावर होती तेव्हा निवडणाऱ्याचं वय साधारण १७ होतं. म्हणजे क्लब शाळेत जडतो आणि 'असा खेळाडू पुन्हा होणे नाही' हे मत कॉलेजात पक्कं होतं. पेले की मॅराडोना की मेस्सी या वादात वय विचारून घेतलं, तर बराच वेळ वाचतो.

पण जिंकणारा संघ फक्त दार उघडतो. मुलाला हाताला धरून आत कोण नेतं? इंग्लंडमध्ये हे काम बहुतेक वेळा बाप करतो. ठाणे, कळवा, कोपरखैरणे इथल्या बहुतेक घरांत बाबांची पिढी क्रिकेटवर वाढलेली, त्यामुळे हा वारसा वरून खाली येत नाही, आडवा पसरतो: चुलतभाऊ, वर्गमित्र, बिल्डिंगमधला चार वर्षांनी मोठा असलेला दादा. दादा युनायटेडचा असेल, तर त्याच्याभोवतीची पाच-सहा पोरं युनायटेडची होतात. स्टेशनबाहेरून घेतलेली 'फर्स्ट कॉपी' जर्सी, टर्फवरचं नाव आणि व्हिडिओ गेममधला संघ हे सगळं त्यामागून येतं.

क्रीडा-व्यवस्थापनाचे अभ्यासक डॅनियल फंक आणि जेफ जेम्स यांनी २००१ मध्ये या प्रवासाच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या पायरीवर क्लबचं नाव माहीत असतं. दुसरीवर तो आवडतो, सामना असला तर पाहिला जातो. तिसरीवर क्लबला स्वतःचा अर्थ येतो: त्याचा इतिहास, गाणी, जखमा आपल्या वाटू लागतात. चौथीवर तो सुटत नाही. गळतीची भीती जास्त असते ती दुसऱ्या पायरीवर. तिथे प्रेम एखाद्या खेळाडूवर किंवा विजयांवर टांगलेलं असतं, आणि ती खुंटी निघाली की सगळं खाली येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये मेस्सी बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला, तेव्हा ज्यांनी आठवड्याभरात जर्सी बदलली ते दुसऱ्या पायरीवर होते. यात कमीपणा काही नाही; ते मेस्सीचे चाहते होते, एवढंच.

स्वतःची पायरी तपासायची असेल तर एक मोजपट्टी आहे. डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम्ब यांनी १९९३ मध्ये ती प्रसिद्ध केली. प्रश्न सातच. संघ जिंकणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? तुम्ही स्वतःला किती कट्टर चाहते समजता? मित्र तुम्हाला किती कट्टर समजतात? हंगामात बातम्या आणि प्रक्षेपणातून संघाचा किती पाठपुरावा करता? चाहता असणं तुमच्या दृष्टीने किती मोलाचं आहे? प्रतिस्पर्ध्यांचा किती राग येतो? आणि संघाचं नाव-चिन्ह घरात, कामावर, कपड्यांवर किती मिरवता? प्रत्येकाला १ ते ८ गुण द्यायचे. बेरीज ७ ते ५६ च्या दरम्यान येते. १८ च्या खाली नातं सैल, ३५ च्या वर घट्ट. गुण सामना नसलेल्या दिवशी द्यावेत. पराभवाच्या रात्री भरलेला कागद राग मोजतो, नातं नाही.

सातपैकी एक प्रश्न प्रतिस्पर्ध्याच्या रागाचा आहे, हे लक्षात घ्या. ब्रिस्टलमध्ये हेन्री ताजफेल आणि सहकाऱ्यांनी १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांच्या आवडीवरून दोन गटांत विभागल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात वाटणी यदृच्छेने केली होती, आणि आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरी पैशांत बदलता येणारे गुण वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. दोन्ही गटांतला फरक वाढणार असेल, तर आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी अनेकांना चाललं. १९७१ चा हा प्रयोग सामाजिक मानसशास्त्रातल्या 'सामाजिक ओळख' या सिद्धान्ताचा पाया मानला जातो. मँचेस्टर आणि लिव्हरपूलच्या वैराला १८९४ मध्ये खुल्या झालेल्या जहाजी कालव्यापासूनच्या व्यापारी स्पर्धेची पार्श्वभूमी आहे. ऐरोलीतल्या मुलाला कालव्याचा पत्ता नसतो, तरी वैर त्याला क्लबबरोबर एकगठ्ठा मिळतं.

बरं, हे वैर ताणता येतं तसं सैलही करता येतं. लँकेस्टर विद्यापीठात मार्क लेव्हिन यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात युनायटेडच्या चाहत्यांना आधी आपल्या संघाबद्दल लिहायला लावलं आणि मग वाटेत एक धावणारा माणूस त्यांच्यासमोर पडला. अंगावर युनायटेडची जर्सी असेल तर जवळजवळ सगळे मदतीला धावले. लिव्हरपूलची असेल तर साधारण तिघांतला एक. दुसऱ्या फेरीत लिहायला विषय दिला 'फुटबॉलचा चाहता असणं'. आता लिव्हरपूलवाल्यालाही बहुतेकांनी हात दिला. साध्या शर्टातला माणूस तेवढा उपेक्षित राहिला.

जिंकल्यावर 'आपण जिंकलो' आणि हरल्यावर 'ते फालतू खेळले', ही सवय जगभर आहे. रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत सोमवारी वर्गात येणाऱ्यांचे कपडे मोजले. शनिवारी विद्यापीठाचा संघ जिंकला असेल, तर त्याचं नाव असलेले कपडे जास्त दिसत. चौथ्या पायरीवरच्या माणसाला मात्र ही पळवाट उरत नाही. क्लब त्याच्या ओळखीचा भाग झालेला असतो. अंतर ठेवायचं तर स्वतःपासूनच ठेवावं लागेल.

पराभव किती बोचतो याचा आकडाही आहे. ससेक्स विद्यापीठाचे पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅककेरन यांनी मोबाइल ॲपवर लोकांनी वेळोवेळी नोंदवलेला आनंद तपासला. शंभरच्या मापावर, सामन्यानंतरच्या तासाभरात विजयाने आनंद सुमारे ३.९ गुणांनी वाढला, पराभवाने ७.८ गुणांनी घटला. नुसत्या जमाखर्चाने पाहिलं तर हा तोट्याचा धंदा आहे. मग लोक सोडत का नाहीत?

एक कारण खेळाच्या रचनेत आहे. फुटबॉलमध्ये गोल थोडे, सामन्याला सरासरी तीनपेक्षा कमी. त्यामुळे दुबळा संघ एका कॉर्नरवर सामना फिरवू शकतो, आणि आशा कधी पूर्ण विझत नाही. दुसरं कारण जास्त विचित्र आहे. मार्था न्यूसन, मायकेल बुहर्मेस्टर आणि हार्वे व्हाइटहाउस यांनी २०२१ मध्ये प्रीमियर लीगमधल्या यशस्वी आणि सतत मार खाणाऱ्या क्लबांच्या चाहत्यांची तुलना केली. एकमेकांशी जास्त घट्ट बांधलेले निघाले ते हरणाऱ्या क्लबांचे चाहते. सोबत भोगलेलं दुःख माणसं पुन्हापुन्हा आठवतात, त्यावर बोलतात, आणि त्यातून 'हे फक्त आपल्यालाच कळतं' अशी भावना तयार होते. विजय हा आठवडाभराचा विषय. विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जर्मनीकडून झालेला ७-१ चा पराभव ब्राझीलमध्ये अजून चघळला जातो. त्याच २०१४ च्या सामन्यात चाहत्यांच्या लाळेचे नमुने घेतले होते, आणि जे जास्त एकरूप त्यांच्यात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरकही जास्त सापडलं. हृदयरोग्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये: २००६ च्या विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना २.६६ पट झाल्या होत्या.

'सोबत' हा या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा घटक, आणि आपल्याकडे नेमका तोच कमी पडतो. शनिवारी इंग्लंडमधली दुपारी तीनची किक-ऑफ आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला येते. घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. ही वेळ मुलांसाठी उत्तम. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच टीव्हीवर थेट सामना दाखवायला बंदी आहे, त्यामुळे मँचेस्टरच्या घरात न दिसणारा सामना घोडबंदर रोडवर दिसू शकतो. चॅम्पियन्स लीगचे मुख्य सामने मात्र रात्री साडेबारा किंवा दीडला सुरू होतात. शिवाय चाहत्यांचे गट एकत्र सामने बघतात ते बहुधा पबमध्ये, म्हणजे ज्या वयात नातं जडतं तेच वय दाराबाहेर. राहतो तो बिल्डिंगमधला हॉल. एकाच घरी, त्याच चार-पाच मुलांनी, हंगामभर साडेसात-साडेआठचे सामने पाहिले, तर मोबाइलवर एकट्याने पाहिलेल्या हायलाइट्सपेक्षा त्याचा परिणाम कितीतरी खोल होईल, असं वरच्या सगळ्या अभ्यासांवरून म्हणता येतं. फँटसी लीगने, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ करून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याच्या ऑनलाइन खेळाने, मात्र उलटं काम केलंय. तिथे पंधरा जणांच्या संघात एका क्लबाचे तीनच खेळाडू घेता येतात, त्यामुळे माणूस शत्रूच्या स्ट्रायकरच्या गोलवरही टाळ्या पिटतो.

घरच्या क्लबाचं काय? मुंबई सिटी एफसीचा पहिला घरचा सामना १८ ऑक्टोबर २०१४ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. पुण्याविरुद्ध ५-०, आंद्रे मोरिट्झची हॅटट्रिक. आठ वर्षांच्या मुलासाठी याहून चांगली सुरुवात मिळणं कठीण, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची एकच गाडी. दोन हंगामांनंतर, २०१६ मध्ये क्लब अंधेरीला गेला. मार्च २०२१ मध्ये पहिला इंडियन सुपर लीग (आयएसएल) चषक मिळाला, विजयी गोल शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगचा. पण कोरोनामुळे तो हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना झाला होता. सर्वांत मोठा क्षण, आणि स्टँडमध्ये शेजारी मिठी मारायला कुणी नाही.

अंधेरीला ठाण्याहून जायचं तर घाटकोपरला उतरून मेट्रोने आझाद नगर गाठायचं. साडेसातचा सामना सव्वानऊ-साडेनऊला संपतो आणि पोर घरी पोचेपर्यंत अकरा वाजतात, दुसऱ्या दिवशी शाळा. एकेकटं तिकीट फुकट वाटून हे सुटणार नाही. एका वर्गातली पंधरा मुलं, सोबत एक शिक्षक, परतीची बस, आणि हंगामात निदान पाच सामन्यांना त्याच स्टँडमधल्या त्याच खुर्च्या, इतकी व्यवस्था हवी. पाचपैकी दोन सामने हरले तरी हरकत नाही.