बोटाला कळणारी 'टक्'

बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामा डबा ठेवला, की दुकानदार एक बटण दाबून आकडा शून्यावर आणतो. आकडा बदललेला डोळ्यांना दिसण्याआधीच बटण नीट दाबले गेल्याचे त्याच्या अंगठ्याला समजलेले असते, कारण आवरणाखालून एक बारीक 'टक्' उमटते. या 'टक्'चा विजेशी काही संबंध नाही. तेच बटण सुटे काढून नुसते चिमटीत धरून दाबले, तरी ते तसेच वाजते. इंडक्शन शेगडी, इन्व्हर्टर, टीव्ही, शेतातल्या पंपाचे इलेक्ट्रॉनिक स्टार्टर अशा अनेक उपकरणांत हा छोटा टॅक्टाइल स्विच (दाबल्याचे बोटाला कळणारे बटण) असतो आणि त्याचा सर्वाधिक आढळणारा आकार ६ मिलिमीटर लांब व तितकाच रुंद असतो.

त्याच्या पोटात धातूची एक पातळ, घुमटासारखी फुगीर चकती असते. गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्याची फुगलेली बाजू अंगठ्याने दाबत गेल्यास ती आधी विरोध करते, मग एका क्षणी अचानक आत जाते आणि दाब सोडताच बहुधा पुन्हा बाहेर येते; ही चकती नेमके हेच करते. तिची कड खालच्या एका संपर्काला, म्हणजे धातूच्या टोकाला, कायम टेकलेली असते आणि मधला भाग वाकून दुसऱ्या संपर्काला लागला, की विजेचे मंडल पूर्ण होते. म्हणजे स्प्रिंग, विजेचा पूल आणि आवाज ही तिन्ही कामे एकच चकती करते. इतक्या कमी भागांत इतके काम साधणारी रचना मला तरी फार सुंदर वाटते. बोटाला ती जाणवते त्याचे कारण असे, की दाब चढत जाऊन चकती वाकताच विरोध एकदम कमी होतो, आणि आपल्या त्वचेतील काही संवेदी टोके स्थिर दाबापेक्षा असा अचानक बदल चटकन टिपतात. हा सारा प्रवास सुमारे पाव मिलिमीटरचा असतो. साधारण १००, १६० किंवा २६० ग्रॅम दाबाला वाकणारी बटणे बाजारात मिळतात. चुकून दाबले जाऊ नये अशा ठिकाणी कडक बटण निवडणे योग्य.

या बटणाला बहुधा चार पाय असतात, पण ते आतून दोन-दोन जोडलेले असल्यामुळे विजेच्या दृष्टीने ते दोनच ठरतात. उरलेले दोन पाय बटणाला सर्किटच्या पाटीवर घट्ट धरून ठेवतात. इलेक्ट्रॉनिक्सचे प्रकल्प करणारे विद्यार्थी कधीकधी चुकून बटण नव्वद अंशांत फिरवून बसवतात, तेव्हा मंडल न दाबताच सुरू राहते आणि दोष प्रोग्राममध्ये शोधला जातो.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. चकती संपर्कावर आदळल्यावर काही मिलिसेकंद थरथरते आणि तेवढ्यात मंडल अनेकदा जुळते व तुटते. आपल्याला हे कळत नाही. पण १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरची (उपकरण चालवणाऱ्या संगणकी चिपची) केवळ ५ मिलिसेकंदांत ८०,००० घड्याळी स्पंदने होतात, म्हणून एकदा दाबलेले बटण तो अनेकदा दाबले असे मोजू शकतो. त्यामुळे पहिला बदल दिसल्यावर सुमारे २० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचन करण्याची सूचना प्रोग्राममध्ये घालतात, किंवा एक छोटा कपॅसिटर जोडतात.

बटणाचे आयुष्य बहुधा १ लाख ते १० लाख दाबांचे सांगितलेले असते. रोज ३०० वेळा दाबले, तर १ लाखाचे बटण वर्षभरही पुरत नाही आणि १० लाखांचे नऊ वर्षे जाते, तेव्हा गर्दीच्या दुकानातील काट्यासाठी हा फरक क्षुल्लक नाही. तरीही आपल्या भागात पुष्कळ बटणे झिजण्याआधीच निकामी होतात. संपर्कांवर चांदीचा मुलामा असतो, आणि घरातले पैंजण जसे काळे पडतात तशीच ही चांदीही हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते. दमट हवेत ही क्रिया वाढते. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात दिवसेंदिवस ऊन पडत नाही, तर उद्यमबागेतील फौंड्रीच्या परिसरात बारीक धूळ फटींतून शिरते. अशा बटणाची 'टक्' शाबूत राहते, पण काम होत नाही, कारण चकती वाकते आणि मधला काळा थर वीज जाऊ देत नाही. प्रवाह इतका लहान असतो की तो थर भेदू शकत नाही. म्हणूनच जोर लावून दाबल्यावर ते कधीकधी चालते, आणि माणसे ते आणखी जोराने दाबू लागतात.

उपकरण बंद करून मल्टिमीटरने पाहिल्यास चांगले बटण दाबल्यावर जवळजवळ शून्य ओहम दाखवते. आकडा मोठा किंवा सतत हलता असेल, तर बटण बदलावे. नवे आणताना लांबी-रुंदीइतकीच वरच्या दांडीची उंचीही मोजून न्यावी, कारण अर्धा मिलिमीटर जास्त असली तर आवरण बसवताच ते कायमचे दाबलेले राहते. डाख देताना तापलेले सोल्डरिंग आयर्न प्रत्येक पायावर दोन-तीन सेकंदांहून अधिक टेकवू नये, आणि पातळ फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावायचे द्रव्य) ओतू नये, कारण तो वाहत जाऊन फटीतून चकतीखाली शिरतो. ओलाव्याच्या जागी रबरी झिल्लीने बंदिस्त केलेले, आयपी६७ दर्जाचे (धूळ व पाणी आत न शिरू देणारे) बटण घ्यावे. ते थोडे महाग पडते, पण पंपाच्या पेटीत किंवा घाटातल्या घरात तेच टिकते.