प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग (कोल्हापूरच्या हवेत)

कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हिशोब साधा आहे, बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. बेस क्लॉक म्हणजे मदरबोर्डाचा मूळ ठेका, मल्टिप्लायर म्हणजे प्रोसेसर त्याच्या किती पट पळतो तो आकडा. बेस क्लॉक आजकाल बहुतेक बोर्डांवर १०० मेगाहर्ट्झ असतो, मल्टिप्लायर ४५ ठेवला की ४.५ गिगाहर्ट्झ, ४७ केला की ४.७. १९९८ साली उलटं होतं, इंटेलच्या सेलेरॉन ३००ए ला मल्टिप्लायर साडेचारवर लॉक, मग लोकांनी बसच (तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ मेगाहर्ट्झवरनं १०० वर नेली आणि ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळाला. हा नाद तिथनंच जास्त पसरला म्हणायला हरकत नाही.

सगळ्याच प्रोसेसरला हे जमत नाही. इंटेलमध्ये नावातल्या आकड्यांनंतर के पाहिजे आणि बोर्ड झेड चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप). एएमडीचे रायझन बहुतेक अनलॉक असतात पण ए३२०, ए५२० सारख्या स्वस्त बोर्डावर ती सोय नसते, त्यामुळं राजारामपुरीत बोर्ड घेताना नुसती किंमत विचारून पिशवीत घालू नका, चिपसेट बघा.

आता खरा विषय, उष्णता. वेग वाढवला की उष्णता त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढवलं की वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२० व्होल्टचं १.३२ केलं म्हणजे व्होल्टेज १० टक्के वाढलं, वेग तोच ठेवला तरी उष्णता अंदाजे २१ टक्के जास्त. उद्यमनगरात इंजिनाच्या कामात आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. आणि कूलर हवेचा असो की पाण्याचा, तो खोलीच्या तापमानाखाली कधीच नेत नाही, खोलीपेक्षा अमुक इतकं वर एवढंच त्याच्या हातात. म्हणजे जानेवारीच्या रात्री खोली २१ अंश असताना प्रोसेसर ८० ला थांबला, तर एप्रिलच्या दुपारी त्याच खोलीत ३५ असताना तो ९४ च्या आसपास जाणार, सेटिंग तेच. बऱ्याच इंटेलची मर्यादा १०० आणि बहुतेक रायझन ७००० ची ९५, तिथं पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि मग एवढा खटाटोप करून मिळालं काय? मी स्वतः थंडीत ४.९ लावून मित्रांना स्क्रीनशॉट पाठवले होते, एप्रिलमध्ये गुपचूप ४.७ वर आलो. कोल्हापुरात टेस्ट करायची तर एप्रिलात, दुपारी तीनला, एसी बंद ठेवून. तिथं टिकला तो आकडा तुमचा.

पद्धत अशी की आधी काहीही न बदलता तापमान आणि व्होल्टेज एचडब्ल्यूइन्फोमध्ये (हे आकडे दाखवणारा प्रोग्राम) बघून ठेवायचं. रॅमचं एक्सएमपी (रॅम जादा वेगानं चालवायचं तयार सेटिंग) तेवढ्यापुरतं बंद, नाहीतर क्रॅश झाल्यावर दोष कुणाचा तेच कळत नाही. मग बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारी बोर्डाची सेटिंगची पानं) मल्टिप्लायर एकेक पायरी वर, प्रत्येक वेळी सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी टेस्ट), अडकला तर व्होल्टेज अगदी थोडं, ०.०१ ०.०२ असं. व्होल्टेज ऑटोवर सोडू नका, बोर्ड गरजेपेक्षा जास्त देऊन मोकळा होतो. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर सुद्धा सारखे निघत नाहीत, त्यामुळं दुसऱ्याचं सेटिंग जसंच्या तसं उचलून उपयोग नाही. आणि व्होल्टेज कायम जास्त राहिलं तर चिपच्या आतल्या बारीक तारा हळूहळू झिजतात, आज चालतंय म्हणून दोन वर्षांनी चालेलच असं नाही.

विंडोज चालू झालं म्हणजे स्टेबल झालं हा सगळ्यात मोठा गैरसमज. प्राइम९५ (प्रोसेसरकडनं सतत अवघड गणितं करून घेणारा प्रोग्राम) लावून बसा, तासभर सगळे वर्कर (एकाच वेळी चालणारे गणितांचे गट) नीट चालतात आणि मध्येच एकात ओळ येते, राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी पाहिजे होतं, आणि तेवढा एकच थांबतो, बाकीचे चालूच. स्क्रीन निळी नाही, काही नाही, पण प्रोसेसरनं गणित चुकवलं. असा पीसी गेम चालवेल आणि एखाद्या दिवशी फाइल खराब करेल. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया लॉगरच्या (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका टिपणारा) नोंदी पण बघायच्या, त्या दिसल्या की एक पायरी खाली. रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज थोडं कमी करायची सोय) वापरला असेल तर उलटंच, लोडवर ठणठणीत आणि नुसता डेस्कटॉप उघडा असताना रीस्टार्ट, म्हणून रिकामा पण ठेवून बघायचा.

वळवाचा पाऊस सुरू झाला की टेस्ट बंद करून प्लग काढायचा, विजा आणि लाईटची ये-जा दोन्ही असतं. बायोस अपडेट तर यूपीएसशिवाय नकोच.

पीसी चालूच झाला नाही तर घाबरायचं नाही. पॉवर काढायची, बोर्डावरचा नाण्यासारखा सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवायचा किंवा बोर्डावरच्या क्लिअर सीमॉसच्या (बायोसचं सेटिंग पुसायच्या) पिना जोडायच्या, सगळं मूळ सेटिंगवर येतं. तुमचं चालू सेटिंगही त्यात जातं, म्हणून बायोसच्या पानांचे फोटो आधीच मोबाईलवर काढून ठेवायचे, आणि सेल काढला असेल तर घड्याळ परत लावायचं.