जन्मस्थान: ग्रीस

अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकाच्या नोंदीत जॉर्ज डिलबॉय या शिपायाच्या जन्मस्थानापुढे एकच शब्द आहे: ग्रीस. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

१८९६ साली तो जन्मला ते अलात्साता गाव इझमीरच्या पश्चिमेला, उस्मानी सुलतानाच्या राज्यात होतं. आजही ते तुर्कस्तानातच आहे. ग्रीक फौजेचा अंमल तिथे चालला तो १९१९ ते १९२२, म्हणजे जेमतेम तीन वर्षं. मग हा ग्रीक कसा? घरातली भाषा ग्रीक, धर्म ऑर्थोडॉक्स. तुर्की दफ्तर अशांना 'रूम' म्हणे. आपल्या बखरींतल्या 'रूमशाम'मधला रूम तो हाच. अथेन्सच्या राज्यातल्या ग्रीकांसाठी तुर्कीत वेगळाच शब्द, 'युनान'. अमेरिकेच्या कारकुनाने दोन्ही एकाच खान्यात बसवले. मला यात फार मोठी चूक दिसत नाही. विचारलं असतं तर शिपायाने स्वतः हेच सांगितलं असतं. मात्र या एका शब्दामुळे तो कुठून उठून आला, हे झाकलं जातं.

पोरवयातच तो अमेरिकेत, न्यू इंग्लंडमध्ये आला. १९१६ मध्ये मेक्सिकोच्या सरहद्दीवर तैनाती, मग पहिल्या महायुद्धात फ्रान्स. १८ जुलै १९१८, बेलोजवळ. त्याच्या तुकडीने रेल्वेचा भराव घेतला होता. प्लाटूनच्या अधिकाऱ्याबरोबर तो पुढची टेहळणी करायला निघाला, तोच शंभर यार्डांवरून मशीनगन सुरू झाली. रुळांवर उभं राहून त्याने उलट गोळीबार केला, मग संगीन लावून गव्हाच्या शेतातून थेट तिच्यावर धावला. पंचवीस यार्ड उरले असताना पडला. उजवा पाय गुडघ्याच्या वर जवळजवळ तुटलेला, अंगात अनेक गोळ्या. तसाच पडल्या पडल्या तो गोळ्या झाडत राहिला. दोन जर्मन मेले, उरलेले पांगले.

त्याला पुरायचं कुठे, हा निर्णय मात्र आजही खटकतो. वडिलांच्या इच्छेने शव जन्मगावी नेलं; वर अमेरिकेचा झेंडा. त्या घडीला इझमीरचा किनारा ग्रीक फौजेच्या हाती होता आणि तो तसाच राहील, असं तिथल्या पुष्कळांनी धरून चाललं होतं. सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्की सैन्य परतलं. थडगं फोडलं गेलं, हाडं विखुरली. बापाच्या इच्छेला दोष देववत नाही; पण १९१४ मध्येच त्या पट्ट्यातल्या ग्रीकांना गावं सोडून पळावं लागलं होतं. तो इशारा पुरेसा होता.

शेवटी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने युद्धनौका गेली आणि अवशेष परत आले. १२ नोव्हेंबर १९२३ ला अर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत दुसऱ्यांदा दफन झालं. त्याच वर्षी जानेवारीत ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला होता. त्यात माणसं मोजली ती धर्मावरून, भाषा कुणी विचारली नाही. अलात्सातातले ग्रीक कायमचे गेले. त्यांची दगडी घरं उभी आहेत. त्यांतल्या कित्येकांत आता हॉटेलं चालतात.