घरोघरी वाजवलेलं एकच गाणं: ट्रॅक पाठवण्याआधी हे वाचा

गायिका एकीकडे, गिटारवादक दुसरीकडे, तबला तिसऱ्याच घरात. प्रत्येकानं आपापला भाग घरी रेकॉर्ड करायचा आणि आम्ही ते सगळे भाग जुळवून मिक्स करायचे, असं हे काम. यात सर्वांत जास्त वेळ खातं ते ट्रॅक एकमेकांवर बसवणं. आवाज थोडा बोदा असेल, खोली थोडी घुमत असेल, तर मिक्समध्ये बरंच सावरता येतं. पण चार जणांची सम चार ठिकाणी पडत असेल, तर हातानं तुकडे करून सरकवण्यावाचून इलाज उरत नाही, आणि तसं केलं की वाजवण्यातली जान जाते. म्हणून या पत्रकातला मोठा भाग एकाच गोष्टीसाठी दिला आहे: सगळ्यांचं घड्याळ एक आणि सगळ्यांचं शून्य एक.

सगळ्यांनी एकाच वेळी ऑनलाइन का वाजवू नये?

एकत्र वाजवताना दुसऱ्याचा आवाज साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपेक्षा उशिरा आला, की दोघंही नकळत एकमेकांची वाट पाहू लागतात आणि लय खाली बसत जाते. हवेतून आवाजाला २५ मिलिसेकंदांत सुमारे साडेआठ मीटर जाता येतं. म्हणजे मोठ्या रंगमंचाच्या दोन टोकांना उभं राहून वाजवल्यासारखं. इंटरनेटवर हा साठा फार लवकर संपतो. फायबरमधून प्रकाशालाच दर हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागतात. त्यात राउटर, वायफाय आणि दोन्हीकडच्या ऑडिओ इंटरफेसचा (माइक किंवा वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणाचा) उशीर मिळवा. जॅम्युलस आणि जॅकट्रिप ही सॉफ्टवेअर याच कामासाठी बनली आहेत. वायरनं जोडलेलं नेटवर्क असेल आणि अंतर माफक असेल, तर तालमीसाठी ती जरूर वापरा. रेकॉर्डिंग मात्र वेगवेगळंच करा. नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर तर तालीमही होत नाही: तिथं उशीर मोठा असतो, आणि बोलणं स्पष्ट यावं म्हणून वाद्याचा लांबणारा आवाज ‘गोंगाट’ समजून कापला जातो.

गाइड ट्रॅक: इथं घाई करू नका

बाकीचे सगळे ज्याच्यावर वाजवणार तो हा कच्चा ट्रॅक. तो सुंदर नसला तरी चालतो, पण नेमका हवा. एका माणसानं तो बनवायचा आणि एकदा सगळ्यांना गेला की बदलायचा नाही. बदलावाच लागला, तर नव्या क्रमांकाची नवी फाइल करायची आणि जुनी सगळ्यांनी पुसायची.

गाइडसोबत पुढची माहिती लिहून द्या. लय किती बीपीएम (मिनिटाला किती ठोके), आणि तो एक ठोका म्हणजे एक मात्रा की दोन; ७० आणि १४० चा घोळ यातूनच होतो. दशांशही लिहा. ९२.५ लयीचं गाणं कुणी ९२ वर क्लिक (लय दाखवणारी टक-टक) लावून वाजवलं, तर चार मिनिटांअखेर जवळपास १.३ सेकंदांचा, म्हणजे दोन मात्रांचा फरक पडतो. ताल कोणता, सम कुठं, मोजणीची आवर्तनं किती (दोन ठेवा, एक कमी पडतं), पट्टी कोणती, आणि सूर कशाला लावायचा.

हा शेवटचा मुद्दा सुटतो, आणि महाग पडतो. गिटार, बासरी, कीबोर्ड ४४० हर्ट्‌झच्या हिशेबानं लावलेले असतात. पेटी ४४२ ची असेल, तर ती सगळ्यांपेक्षा सुमारे ८ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये १०० सेंट) चढी राहते. एकटी ऐकली तर कळत नाही, लांब सुरांवर दुसऱ्या वाद्याशी घासली की लगेच कानाला लागते. पेटीच्या स्वरपट्ट्या गाण्यापुरत्या बदलता येत नाहीत. तेव्हा गाण्यात पेटी असेल, तर आधी पेटीचा एक लांब षड्ज रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवा आणि बाकीच्यांनी त्याला मिळवून घ्या. ज्याचा सूर हलत नाही ते वाद्य आधी, हा क्रम कायम ठेवा.

गाण्यात आलाप किंवा लयीबाहेरचा तुकडा असेल, तर तिथं क्लिकचा उपयोग नाही. तो भाग मुख्य कलाकारानं सर्वांआधी पक्का रेकॉर्ड करावा आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून जावं. जिथून पुन्हा ठेका धरायचा, तिथं वेगळ्या ट्रॅकवर तोंडानं ‘तीन, चार’ असं बोलून ठेवा. हा बोलका ट्रॅक आम्ही मिक्समधून काढून टाकतो.

गाइडची फाइल वेव्ह किंवा फ्लॅक असू द्या, एमपीथ्री नको. एमपीथ्री बनवताना आणि उलगडताना मिळून सुरुवातीला साधारण ११०० सॅम्पलची (एक सॅम्पल म्हणजे आवाजाची एका क्षणाची नोंद), म्हणजे सुमारे २५ मिलिसेकंदांची शांतता जोडली जाते. काही सॉफ्टवेअर ती कापतात, काही कापत नाहीत. म्हणजे एकच गाइड दोन घरांत दोन वेगवेगळ्या जागी सुरू होतो, आणि चूक कुणाचीच नसते. फ्लॅकमध्ये ही अडचण नाही आणि फाइल वेव्हपेक्षा बरीच लहान होते.

सॅम्पल रेट

सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी; बिट म्हणजे प्रत्येक नोंद किती बारीक. सगळ्यांनी ४८,००० हर्ट्‌झ, २४ बिट. गाणं ४४,१०० वर सुरू झालेलं असेल तर सगळ्यांनी ४४,१००. आकडा कुठलाही चालेल, मिसळ चालणार नाही. ४८,००० ची फाइल ४४,१०० समजून वाजवली गेली, तर चार मिनिटांचं गाणं २१ सेकंदांनी लांबतं आणि सूर पेटीवरच्या जवळपास दीड पट्टीनं खाली येतो. बहुतेक सॉफ्टवेअर फाइल आत घेताना रूपांतर करतात, पण इंटरफेसच्या सेटिंगमध्ये एक आकडा आणि प्रोजेक्टमध्ये दुसरा असेल तर गडबड होतेच. दोन्हीकडे बघा.

तुमचा उशीर मोजा

तुम्ही गाइडवर अगदी नेमकं वाजवलंत, तरी रेकॉर्ड झालेला आवाज थोडा मागे पडू शकतो. गाइडचा आवाज कॉम्प्युटरमधून कानापर्यंत यायला आणि तुमचा आवाज माइकमधून आत जायला वेळ लागतो. ४८,००० हर्ट्‌झवर २५६ सॅम्पलचा बफर (आवाज पुढे जाण्याआधी साठवला जाणारा तुकडा) म्हणजे एका बाजूनं ५.३ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१. शिवाय इंटरफेसचा स्वतःचा उशीर. सॉफ्टवेअर हे आपोआप भरून काढतं, पण ड्रायव्हरनं (इंटरफेस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) सांगितलेल्या आकड्यावर विसंबून, आणि तो आकडा दर वेळी खरा नसतो. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तर सुरुवातीला उणे १३० मिलिसेकंद हा ठोकळ आकडा भरलेला असतो. तो तुमच्या यंत्राला लागू पडेलच असं नाही. एकदा मोजून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे:

१. इंटरफेसच्या आउटपुटमधून त्याच्याच लाइन इनपुटमध्ये केबल लावा. स्पीकर बंद ठेवा आणि रेकॉर्डिंग ट्रॅकचं मॉनिटरिंगही (आत येणारा आवाज लगेच ऐकवणं) बंद करा, नाहीतर आवाज गोल फिरून किंचाळेल. केबल नसेल तर हेडफोनचा एक कान माइकला चिकटवून धरा.
२. नव्या प्रोजेक्टमध्ये एका ट्रॅकवर क्लिकचा एकच तीक्ष्ण ठोका ठेवा.
३. तो वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा.
४. पूर्ण झूम करून दोन्ही ठोक्यांच्या सुरुवातींमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा.
५. तो आकडा सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग ऑफसेटच्या जागी भरा आणि पुन्हा तपासा. अंतर काही सॅम्पलवर आलं तर झालं. दुप्पट झालं असेल, तर अधिक-उणे चिन्ह उलटं पडलं आहे.

बफर, सॅम्पल रेट किंवा इंटरफेस बदलला की पुन्हा मोजायचं.

ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगला वापरू नका, कितीही महागडे असले तरी. त्यांचा उशीर अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंदांच्या घरात असतो आणि तो कमी-जास्तही होतो, त्यामुळे मोजून भरून काढायचीही सोय नाही.

आणि गाइड ज्या यंत्रावर वाजतो त्याच यंत्रावर रेकॉर्ड करा. लॅपटॉपवर गाइड ऐकायचा आणि फोनवर रेकॉर्ड करायचं, हे सोपं वाटतं. पण प्रत्येक यंत्राचं घड्याळ एका स्फटिकावर चालतं आणि दोन स्फटिक अगदी सारखे नसतात. दहा लाखांत पन्नास एवढा फरक असला, तरी चार मिनिटांत १२ मिलिसेकंद घसरतात. सुरुवात जुळते, शेवट जुळत नाही. फोनच वापरायचा असेल तर बहुट्रॅक रेकॉर्डिंगचं ॲप घ्या, गाइड त्यातच वाजवा आणि वायरचे इअरफोन लावा. फोनचं साधं व्हॉइस रेकॉर्डर टाळा: बऱ्याच फोनवर ते हळू आवाज आपोआप मोठा आणि मोठा आवाज लहान करतं, आणि तबल्याच्या बोलांमधला चढउतार त्यात सपाट होतो.

जुळत नसेल तर रोग ओळखा

ट्रॅक गाइडशेजारी ठेवून सुरुवात, मध्य आणि शेवट या तीन ठिकाणी बघा. तिन्ही ठिकाणी सारखाच उशीर असेल, तर लेटन्सी (वर मोजलेला यंत्राचा उशीर) किंवा एमपीथ्रीची शांतता. सगळा ट्रॅक एकदाच सुरुवातीच्या दिशेनं सरकवला की काम झालं. सुरुवात नेमकी आणि शेवटी काही मिलिसेकंदांची घसरण, म्हणजे दोन घड्याळं. ट्रॅक किंचित ताणून सुधारतो. शेवटी एक-दोन सेकंदांचा फरक, पण सूर बरोबर, म्हणजे बीपीएम चुकला, पुन्हा वाजवा. वीसेक सेकंदांचा फरक आणि सूरही हललेला, म्हणजे सॅम्पल रेट. उशीर कधी मागे, कधी पुढे असेल, तर यंत्राला दोष नाही, सरावानं सुटेल.

लेव्हल, माइक, खोली

सर्वांत मोठ्या आवाजाच्या वेळी मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, त्यामुळे हळू रेकॉर्ड झालं म्हणून काही बिघडत नाही. लाल दिवा लागून फाटलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) लावताना माणूस जपून गातो आणि टेकमध्ये (प्रत्यक्ष रेकॉर्ड करताना) मोकळा होतो, म्हणून तार सप्तकातली सर्वांत जोरकस ओळ गाऊनच गेन लावा. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला जाणारी वीज) लागते. ती चालू-बंद करताना गेन खाली करा.

गाण्यासाठी तोंडापासून माइक १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ यांचा फुत्कार अडवणारी जाळी). जवळ गेलं की खर्ज फुगतो, म्हणून अंतर एका गाण्यात बदलू नका. भरलेलं कपाट, गादी, जाड पडदा यांच्याकडे पाठ करून उभं राहा, कारण माइक तुमच्या मागची भिंत ऐकतो. पंखा बंद. टेकच्या आधी दहा सेकंद शांत खोलीही रेकॉर्ड होऊ द्या. गोंगाट कमी करायचा झाला तर तो नमुना आम्हाला लागतो.

हेडफोन कान झाकणारे आणि मागून बंद हवेत. उघड्या हेडफोनमधून क्लिक गळतं आणि गाण्याच्या शेवटच्या लांब सुरावर टक-टक ऐकू येत राहतं. जिथं वाद्यं थांबतात, तिथं गाइडमधला क्लिकही थांबवा.

पाठवताना

प्रत्येक ट्रॅक प्रोजेक्टच्या शून्यापासून एक्स्पोर्ट करा, तुमचा भाग तिसऱ्या मिनिटाला सुरू होत असला तरी. आधीची शांतता फाइलमध्ये राहू द्या. तीच आम्हाला जागा सांगते. रिव्हर्ब (घुमारा), कॉम्प्रेसर (चढउतार कमी करणारा), नॉर्मलाइझ (आवाज ठरावीक पातळीला नेणं) काही नको. गिटारचा इफेक्ट वाजवण्याचाच भाग असेल, तर इफेक्टसह एक आणि कोरी एक अशा दोन फाइली द्या. एका माइकचा ट्रॅक मोनोच (एकाच चॅनेलचा) ठेवा: चार मिनिटांची अशी फाइल सुमारे ३५ एमबी होते, स्टिरिओ केली तर विनाकारण दुप्पट. मिडी (आवाज नाही, कोणता सूर कधी वाजला याची फक्त नोंद) वाजवलं असेल, तर मिडी फाइल आणि तिचा आवाज दोन्ही पाठवा, कारण तुमच्याकडचं वाद्य आमच्याकडे असेलच असं नाही. याच कारणानं सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल पुरत नाही.

निवड तुम्ही करा. एक पक्का टेक, फार तर एक पर्यायी. बारा टेक पाठवले तर आम्ही सुरेल तेवढं निवडू, पण तुमच्या मनातलं गाणं कोणतं ते आम्हाला कसं कळणार?

फाइलच्या नावात हा क्रम ठेवा: गाणं, वाद्य, वादक, बीपीएम, टेक क्रमांक. नाव रोमन अक्षरांत लिहा. काही झिप सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नावांची मोडतोड होते. ‘फायनल’ हा शब्द नको, क्रमांक वाढवत न्या. व्हॉट्सॲपवरून पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज म्हणून नको.

शेवटची तपासणी कुणा एकानं करावी: कोरा प्रोजेक्ट उघडून सगळ्या फाइली शून्यावर ठेवायच्या आणि काहीही न सरकवता ऐकायच्या. ऐकायला गाणं वाटलं, तर पाठवा. आपापल्या मूळ फाइली अंतिम मिक्स हाती येईपर्यंत पुसू नका.

मिक्स परत आल्यावर

दोनदा ऐका, दुसऱ्यांदा दुसऱ्या दिवशी, आणि रोज ज्यावर गाणी ऐकता त्याच हेडफोनवर किंवा स्पीकरवर. ‘थोडी ऊब कमी वाटते’ याऐवजी ‘१ मिनिट ४२ सेकंदांना दुसऱ्या अंतऱ्यात गिटार आवाजावर येते’ असं लिहा. सगळ्यांचे मुद्दे एका माणसानं गोळा करून एकाच यादीत पाठवावेत. गायिकेला गाणं पुढे हवं आणि तबलजीला ठेका, असं झालं तर यादीत दोन्ही मुद्दे तसेच ठेवा. आम्ही त्या तुकड्याची दोन मिक्स करून देतो, मग एकत्र ऐकून ठरवा.